कोल्का दरी एका दिवसात

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, आणि त्याची उंची १६४६ मीटर. दक्षिण पेरूमधील आरेकिपा हे शहर २३३५ मीटर उंचीवर वसलेले आहे, म्हणजे कोल्का दरीच्या सहलीची गाडी जिथून सुटते ते ठिकाणच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळजवळ सातशे मीटर उंच आहे. पहाटे तीनच्या सुमारास तिथून निघालेली ही गाडी उजाडण्यापूर्वीच ४९१० मीटर उंचीची पाटापाम्पा खिंड ओलांडते, ३६३५ मीटरवरील चिवाय या गावी न्याहारीसाठी उतरते, तिथून दरीच्या कडेने आणखी चाळीसेक किलोमीटर पुढे जाते आणि संध्याकाळी पुन्हा त्याच खिंडीवरून आरेकिपाला परतते. येऊरच्या रस्त्यावर रविवारी सकाळी चालायला येणाऱ्या आमच्या गटातील काही मंडळींनी पेरूला जायचे ठरवल्यापासून ‘कोल्का एका दिवसात होते का?’ असे मला वारंवार विचारले आहे. होते, हे उत्तर खरे आहे. मात्र त्या दिवसात नेमके काय पदरात पडते आणि काय निसटते, हे तोंडी सांगण्यापेक्षा सविस्तर लिहिलेले बरे.

आधी उंचीविषयी. पाटापाम्पाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या साधारण पंचावन्न टक्के असतो. प्राणवायूचे हवेतील प्रमाण तेच राहते, परंतु हवाच विरळ झाल्यामुळे प्रत्येक श्वासागणिक तो कमी मिळतो. खाडीकाठच्या ठाण्यात आयुष्य गेलेल्या शरीराला याची सवय नसते. डोके जड होणे, मळमळणे, चार पायऱ्या चढल्यावर धाप लागणे या तक्रारींना तिकडे ‘सोरोचे’ म्हणतात आणि त्यांचा वयाशी किंवा व्यायामाच्या सवयीशी फारसा संबंध नसतो. आमच्या गाडीत सर्वाधिक त्रास झाला तो एका दणकट तरुणाला, तर गुडघ्यांच्या कुरकुरीसाठी घरात प्रसिद्ध असलेले आमचे ‘हे’ संपूर्ण दिवस ताजेतवाने होते. आम्ही त्याआधी आरेकिपात मुक्काम करून तिथल्या हवेला सरावलो होतो आणि माझ्या मते हीच या सहलीची पहिली अट असावी. समुद्रकाठच्या लिमाहून विमानाने संध्याकाळी उतरायचे आणि दुसऱ्याच पहाटे पाच हजार मीटरकडे निघायचे, असा कार्यक्रम कोणी आखून दिला तर तो नाकारावा. अॅसिटाझोलामाइड हे औषध अशा प्रवासात अनेक जण घेतात; परंतु रक्तदाबाची किंवा इतर औषधे चालू असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

वाटाड्याने गाडी सुटल्याबरोबर दिलेल्या सूचना साध्या होत्या: सावकाश चाला, घोट घोट पाणी पीत राहा, न्याहारी हलकी करा. चिवायला पोहोचल्यावर कोकाच्या पानांचा चहा मिळाला. पेरूमध्ये ही पाने कायदेशीर आहेत आणि बाजारात भाजीसारखी मिळतात, तरीही त्यांचे एकही पाकीट भेट म्हणून सामानात घालू नये, कारण भारतात ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. त्या उंचीवर पाणी साधारण अठ्ठ्याऐंशी अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे आपल्या पद्धतीचा कडक चहा तिथे जमत नाही, ही गोष्ट प्रत्यक्ष करून पाहिल्यावरच पटते. घरून नेलेल्या चिवड्याचे बंद पाकीट खिंडीत उशीसारखे फुगले होते आणि शेजारच्या आसनावरील ब्राझीलच्या बाईंना हवेच्या दाबाचा हा प्रयोग वाटाड्याच्या सर्व आकड्यांपेक्षा अधिक आवडला. शाकाहारी मंडळींची आबाळ होत नाही. किन्वाचे सूप, उकडलेला मका आणि नाना जातींचे बटाटे यांवर दिवस निभावतो.

बहुतेक प्रवासी येतात ते क्रूस देल कोन्दोर या कड्यावरून अँडीजमधील कॉन्डोर गिधाडे पाहण्यासाठी. सहल इतक्या अवेळी का सुटते, याचे उत्तरही तिथेच मिळते. कॉन्डोरच्या पंखांचा विस्तार तीन मीटरहून अधिक आणि मोठ्या नराचे वजन पंधरा किलोपर्यंत असते, त्यामुळे पंख फडफडवून वर चढणे त्याला परवडणारे नसते. सकाळचे ऊन दरीच्या भिंतींवर पडून त्या तापू लागल्या की उष्ण हवा वर सरकते आणि रात्रभर कपारीत बसलेले पक्षी तिच्यावर स्वार होऊन वर येतात. हा खेळ साधारण आठ ते दहाच्या दरम्यान रंगतो. नंतर ते इतके उंच जातात की ठिपकेच उरतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पक्ष्यांच्या अंगावर नोंदयंत्रे बसवली होती आणि उड्डाणाच्या केवळ एक टक्का वेळच ते पंख हलवतात, असे आढळले. त्यांतला एक पक्षी तर पाच तासांहून अधिक काळ एकदाही पंख न हलवता सुमारे १७२ किलोमीटर उडाला होता. आम्ही कठड्याशी उभे असताना एक नर आमच्या पायांखालच्या पातळीवरून वर आला, मानेभोवतीची पांढरी कॉलर आणि डोक्यावरचा तुरा स्पष्ट दिसेल इतक्या जवळून गेला आणि त्या सगळ्या वेळात त्याच्या पंखांची केवळ टोकेच हलत होती. सह्याद्रीतील आपली गिधाडे पाहण्यासाठी आता म्हसळ्याजवळच्या चिरगावासारख्या मोजक्या जागा शोधत जावे लागते. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने त्यांचा घात केला आणि २००६ साली त्या वापरावर बंदी येईपर्यंत फार उशीर झाला होता. कॉन्डोरची मादी साधारण दोन वर्षांतून एकच अंडे घालते, हे कळल्यावर त्याची संख्या घटली तर ती भरून यायला किती काळ लागेल याचा अंदाज येतो.

माहितीपत्रकांतील दाव्यांविषयी मात्र थोडे सावध असावे. ‘जगातील सर्वांत खोल दरी’ असे कोल्काविषयी सर्रास छापले जाते. सुमारे ३२७० मीटर हा जो आकडा दिला जातो, तो कॉन्डोरच्या कड्याजवळचा नसून नदीच्या पुढच्या टप्प्यातील आहे, शिवाय तो काठावरील डोंगरमाथ्यांपासून मोजलेला आहे. आणि त्याच आरेकिपा प्रांतातील कोताहुआसी ही दरी कोल्काहूनही थोडी अधिक खोल मानली जाते. आपण उभे असतो तिथून नदी साधारण बाराशे मीटर खाली दिसते. हे काही थोडके नाही. परंतु सांदण दरीत दोन्ही बाजूंच्या कातळभिंतींना हात लावत चालल्यावर खोलीची जी धडकी बसते, ती इथे बसत नाही, कारण कोल्का रुंद आहे आणि नजर समोरच्या उतारावर वाहवत जाते.

मला स्वतःला ही सहल सार्थकी लागल्यासारखी वाटली ती परतीच्या वाटेवर, जिथे बहुतेक सहप्रवासी झोपी गेले होते. कड्यापासून चिवायपर्यंतच्या भागात दरी उघडी होते आणि तिच्या दोन्ही उतारांवर दगडी बांध घालून केलेली शेते थेट नदीपर्यंत उतरत जातात. हे काम इंका साम्राज्याच्याही आधीपासूनचे आहे. कोयाग्वा आणि कबाना या इथल्या दोन जमातींनी ते शतकानुशतके वाढवत नेले. बांधामागे माती धरून ठेवणे हा त्याचा एक उपयोग झाला. दुसरा उपयोग असा की दिवसभर ऊन खाल्लेले दगड रात्री ती उष्णता हळूहळू सोडतात आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली जाणाऱ्या या प्रदेशात दहिवरापासून पिकाला थोडे संरक्षण मिळते. वरच्या बर्फाचे पाणी पाटांनी एका शेतातून खालच्या शेतात सोडले जाते आणि त्यावर मका, सातू, किन्वा, बटाटे व पावटा-वर्गातील शेंगा पिकतात. आपल्याकडे कोकणात आणि जुन्नर-अकोल्याच्या डोंगराळ भागात उतारावर ताली घालून भातखाचरे करतात. त्यामुळे दगडी बांध घालणे आणि दरवर्षी तो डागडुजी करून टिकवणे यांत किती श्रम मुरतात, हे आपल्या लोकांना समजावून सांगावे लागणार नाही. स्पॅनिश सत्तेने सोळाव्या शतकात विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना चौकोनी आखणीच्या नव्या गावांत बसवले, साथींनी लोकसंख्या घटली, आणि आज यांतील बरीच शेते पडीक आहेत. पडीक शेते उन्हात करडी दिसतात आणि कसलेली हिरवी, त्यामुळे पाणी कुठे पोहोचते याचा नकाशा समोरच्या डोंगरावर आपोआप उमटलेला असतो.

पाण्याची ही गोष्ट वाटाड्याने दोन वाक्यांत उरकली, परंतु माझ्या दृष्टीने ती कॉन्डोरहून मोलाची होती. कोल्का नदीवर ४१५८ मीटर उंचीवर कोन्दोरोमा धरण बांधले आहे आणि तिथले पाणी मुख्यतः बोगद्यांतून, काही अंतर कालव्यांतून, शंभरेक किलोमीटर दूर माहेसच्या वाळवंटी पठारावर शेतीसाठी नेले जाते. हा कालवा दरीतील गावांच्या माथ्यावरून जातो. मात्र त्या गावांचा त्यावर हक्क धरलेला नव्हता. १९८३च्या दुष्काळात काबानाकोंदे गावच्या लोकांनी अखेर कालव्याला भगदाड पाडले आणि पाणी आपल्या शेतांकडे वळवले. त्यानंतर सरकारला त्यांचा वाटा मान्य करावा लागला. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणे ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात आणि त्याच भातसेचे पाणी आम्हा ठाणेकरांच्या नळाला येते, हे ठाऊक असणाऱ्याला ही हकिकत परकी वाटणार नाही. वाटाड्याला मी याविषयी अधिक विचारले तेव्हा त्याचा चेहरा खुलला; तो स्वतः दरीतल्याच गावचा होता, आणि वेळापत्रकाने मुभा दिली असती तर तो या एकाच विषयावर तासभर बोलला असता असे मला वाटले. सहलीत वाटाड्याचे खरे मोल इथेच असते आणि एका दिवसाच्या घाईत नेमके तेच सर्वांत आधी कापले जाते.

माका आणि यांके या गावांतील थांबे आटोपशीर असतात. माका भूकंपांनी आणि सरकत्या जमिनीने वारंवार खचलेले गाव आहे, तिथला रस्ताही त्यामुळे लाटांसारखा वरखाली झालेला आहे. चौकात पोशाख करून नाचणाऱ्या मुलांसोबत आणि अल्पाकाच्या पिल्लासोबत छायाचित्रे काढून घेण्याचा जो कार्यक्रम असतो, तो मला रुचला नाही. बायकांच्या टोप्या मात्र निरखून पाहण्याजोग्या आहेत: कोयाग्वा बायकांची पांढरी गवती टोपी आणि कबाना बायकांची भरजरी भरतकामाची टोपी यांवरून कोण कुठली हे ओळखता येते. पूर्वी हा भेद लहान मुलांच्या कवट्यांना बांधून निरनिराळा आकार देण्याच्या प्रथेने दाखवला जाई. स्पॅनिशांनी ती प्रथा बंद पाडली.

सकाळी अंधारात ओलांडलेली पाटापाम्पा खिंड परतताना दिवसाउजेडी दिसते. तिथे गाडी जेमतेम पंधरा मिनिटे थांबते आणि त्याहून अधिक थांबणे शरीराला मानवतही नाही. आम्ही गेलो तेव्हा जुलै होता, आकाश निरभ्र होते, आणि २०१६पासून धुमसणाऱ्या सबानकाया ज्वालामुखीतून राखेचा करडा लोट वर चढत होता. त्याच्या शेजारच्या ६२८८ मीटर उंचीच्या आम्पातो पर्वतावर, सबानकायाच्याच राखेमुळे बर्फ वितळल्याने, १९९५ साली इंका काळात बळी दिलेल्या एका मुलीचा गोठलेला देह सापडला. ‘हुआनिता’ या नावाने ती ओळखली जाते आणि आरेकिपातील एका विद्यापीठाच्या संग्रहालयात तिला जतन केले आहे. ते संग्रहालय सहलीच्या आधी पाहावे, म्हणजे खिंडीतून दिसणारा तो पर्वत केवळ एक पांढरा माथा राहत नाही. खिंडीच्या पुढे सालिनास इ आग्वादा ब्लांका या संरक्षित क्षेत्रातून उतरताना विकुन्यांचे कळप दिसतात. हा लामाचा नाजूक बांध्याचा रानटी भाऊबंद पेरूच्या राजचिन्हावर आहे आणि त्याची लोकर जगातील सर्वांत तलम लोकरींपैकी एक मानली जाते.

आता मूळ प्रश्नाविषयी. हाताशी एकच दिवस असेल आणि आरेकिपाची हवा मानवलेली असेल तर ही सहल जरूर करावी. मात्र चौदा-पंधरा तासांच्या दिवसातील निम्म्याहून अधिक वेळ गाडीत बसूनच जातो, हे धरून चालावे. एक रात्र काढता येत असेल तर ती चिवाय किंवा यांके येथे काढावी. त्यामुळे खिंड दिवसा ओलांडता येते, गरम पाण्याच्या कुंडांत पाय सोडून बसता येते आणि बांधांच्या शेतांतून प्रत्यक्ष चालता येते, जे आम्हाला जमले नाही. दोन दिवसांची सहल फार महाग पडत नाही. दरीत शिरण्याचे परदेशी पाहुण्यांसाठीचे तिकीट सहलीच्या दरात बहुधा धरलेले नसते, म्हणून पेरूचे चलन असलेले सोल रोख जवळ ठेवावे. मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ चांगला. आपल्याकडच्या पावसाळ्यात तिथे थंडी असते, आणि पहाटेसाठी लोकरीची टोपी, हातमोजे यांवाचून निभाव लागत नाही, मात्र दहानंतर त्याच जागी टोपी नसलेल्याचे नाक उन्हाने सोलते. पीतज्वराची लस पेरूने मागितली नाही तरी परतताना भारतात तिचे प्रमाणपत्र मागतात, कारण पेरू त्या रोगाच्या देशांच्या यादीत आहे. ही लस मुंबईतील अधिकृत केंद्रांवर मिळते, तिच्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते, तेव्हा तिकिटे काढल्यावर पहिले काम तेच उरकावे.