उलट्या विळीवर बसून

सकाळचे सात वाजत होते. बोटीच्या मागच्या फळीवर आडवी पडलेली ती वस्तू बघून मला आजीची विळी आठवली. तसाच पाट, तशीच बसायची जागा आणि तसंच पातं. फक्त इथे पातं पाटाच्या खाली होतं. मीटरभर लांबीचा चपटा धातूचा खांब, त्याच्या टोकाला खेळण्यातल्या विमानासारखे दोन आडवे पंख, पुढचा मोठा, मागचा लहान. पाटावर छोट्या स्टुलाएवढं आसन, आसनाला कमरेचा पट्टा आणि पुढे पावलं अडकवायला दोन पट्टे. पंखांना कापडी खोळी घातल्या होत्या, कारण धार लागते. विळी म्हणजे विळीच.

हा सिट-डाऊन हायड्रोफॉईल. बोटीला दोर, दोराला हँडल, हँडलला आपण, आणि आपण खुर्चीत बसून पाण्याच्या दोन-अडीच फूट वरून जायचं. ॲरिझोनातल्या लेक हवासू या तळ्यावरचे जुने लोक याला सरसकट एअर चेअर म्हणतात. हे खरं तर एका कंपनीच्या खुर्चीचं नाव, पण आपल्याकडे झेरॉक्सचं झालं तसं याचं झालंय. पंखांवर उभं राहून जायच्या स्की आधीपासून होत्या. माईक मर्फी आणि बॉब वूली या दोघांनी त्यावर बसायची खुर्ची आणली, ती 1990 च्या आसपास बाजारात आली, आणि ती कंपनीही याच तळ्याकाठच्या लेक हवासू सिटी या गावातली. म्हणजे मी पेढे खायला थेट कंदी पेढ्यांच्या साताऱ्यालाच आलो होतो.

आम्ही फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. शुक्रवारी ऑफिस आटोपून निघालो, आय-10 ने पश्चिमेला क्वार्ट्झसाईटपर्यंत, तिथून 95 नंबरच्या रस्त्याने उत्तरेला, पार्करवरून वर. वाळवंटच वाळवंट, आणि मग अचानक निळं पाणी. कोलोरॅडो नदीवर 1938 मध्ये पार्कर धरण पूर्ण झालं, त्यामागे साठलेलं हे तळं. अलीकडचा काठ ॲरिझोना, पलीकडचा कॅलिफोर्निया. आमच्या नळाला येणाऱ्या पाण्यातलं काही इथूनच उपसून, कालव्याने वाळवंट ओलांडून येतं. दसरा होऊन गेला होता, त्यामुळे ऊन माणसात आलेलं. याच गावात 29 जून 1994 ला 128 अंश फॅरनहाइट, म्हणजे त्रेपन्न सेल्सिअसच्या वर, तापमान नोंदलं गेलंय. जूनमध्ये येणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार.

शिकवणारे काका सत्तरीकडे झुकलेले. माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचे, बोट त्यांची, खुर्ची त्यांची. या खेळातली बरीच मंडळी अशी पिकलेल्या केसांची दिसतात. काकांच्या मते, उभ्या स्कीने गुडघ्यांची वाट लागली की माणूस खुर्चीत येतो. माझे गुडघे अजून शाबूत आहेत, पण वेटिंग लिस्टवर आहेत.

जमिनीवरच काकांनी अर्धा तास घेतला. पाण्यात हवेपेक्षा आठशेपट दाटपणा, म्हणून एवढेसे पंख माणूस उचलतात. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. आणि तुम्ही मागे रेललात की पंखाचं नाक वर होतं, उचल आणखी वाढते. खुर्ची वर जाते, जाते, आणि पुढचा पंख पाण्याबाहेर आला की हवेत काही उचल नाही. मग तुम्ही खाली. एवढं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, ‘तू हे विसरणार. एकच लक्षात ठेव, खांदे गुडघ्यांवर.’

मी मान डोलावली.

पाण्यात उतरून, आसनात बसून पट्टा आवळला तेव्हा पोटात गोळा आला. मी सांगलीकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलोय. तिथे पाण्यात जड काही बांधून घेणं म्हणजे पोलिसांना पंचनाम्याला बोलावणं. इथे मी स्वतः होऊन एका धातूच्या खांबाला स्वतःला बांधत होतो. पण लाइफ जॅकेट वरून ओढतं, पाट तरंगतो, खांब आणि पंख खाली लोंबकळतात, त्यामुळे बाहुली आडवी केली तरी उभी राहते तसं होतं. आडवं झालं की हाताने पाणी मारायचं, बसते होतो. पट्टा सोडायची घाई करायची नाही. हे मी तीनदा करून बघितलं, तिसऱ्यांदा कुठे छातीतली धडधड कमी झाली.

दोर साधारण सत्तर फुटांचा. काकांनी हळू ओढायला सुरुवात केली. पाटाचं नाक वर आलं, तोंडावर पाण्याचा मारा, आणि पाट पाण्यावर आला. इथवर सोपं. पाट थपथप थपथप आपटत चालला होता. बोटीने ओढलं की माणूस काय करतो? मागे रेलून खेचतो. रस्सीखेच खेळलेला प्रत्येक जण हेच करेल. मीही केलं. खुर्ची लिफ्टसारखी सुटली, क्षणभर मला बोटीतल्या सगळ्यांची डोकी वरून दिसली, आणि पुढचं नाकातल्या पाण्याला माहीत.

दुसरी खेप, तेच. तिसरी, तेच, वर डावीकडे कोलमडलो. चौथ्या खेपेला घाबरून इतका पुढे वाकलो की पाट पाण्याला चिकटूनच राहिला. तळ्याला अर्धा फेरा मारला, एक इंच उठलो नाही. दर वेळी काका बोट वळवून आणत, जवळ आले की इंजिन बंद करत (हे ते एकदाही विसरले नाहीत), आणि म्हणत, ‘खांदे.’ बस, एवढंच.

सहाव्या खेपेला मला विळी पुन्हा आठवली. विळीवर बसलेली बाई मागे रेलत नाही. खवणीवर नारळ धरला की कंबर घट्ट, खांदे पुढे, हात गुडघ्यांपाशी, आणि सगळी हालचाल इंचभराची. मी हँडल खाली गुडघ्यांजवळ आणलं, नजर पाटावरून काढून समोर बोटीवर लावली, आणि नारळ खवायला बसलो. पाटाची थपथप चालू. मग खांदे किंचित, सदऱ्याची कॉलर सरळ करावी इतकेच, मागे घेतले.

आणि थपथप थांबली.

या आवाजाबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं. पाट पाण्यावर असतो तोवर खडीच्या रस्त्यावरून एसटी चालल्यासारखं सगळं अंग खडखडतं. तो पाण्यापासून सुटला की एकदम काही नाही. खालून खांब पाणी चिरतो त्याची बारीक शिट्टीसारखी सुरसुर, लांबून इंजिन, आणि स्वतःचा श्वास. पाटाखाली फूटभर मोकळी हवा. मी खाली बघायचा मोह आवरला नाही, मान गेली तशी खुर्चीही खाली गेली, पाट टेकला, पुन्हा खांदे, पुन्हा वर. म्हणजे मानेनेसुद्धा ही वस्तू चालते.

बोटीतून बायको ओरडून काहीतरी विचारत होती. मी आनंदाने अंगठा वर केला.

वॉटरस्कीच्या खुणांत अंगठा वर म्हणजे ‘वेग वाढवा’. हेही सकाळी सांगून झालेलं होतं. काकांनी इमानदारीत वेग वाढवला, चौपटीचं गणित लागू झालं, आणि आतापर्यंतची सगळ्यात उंच आपटी मी त्या अंगठ्यामुळे खाल्ली. ताशी वीस मैलांनी पाण्यावर आपटलं की पाणी मऊ असतं हा गैरसमज जातो. हेल्मेट होतं म्हणून कान वाचले.

दहापर्यंत वारा सुटला, बोटींची गर्दी झाली, पाणी खडबडीत झालं. नवख्याचा वेळ संपला. दुपारी लंडन ब्रिज बघितला. होय, तोच. 1831 मध्ये थेम्सवर खुला झालेला पूल या गावाच्या संस्थापकाने, रॉबर्ट मॅक्युलक यांनी, 1968 मध्ये 24 लाख 60 हजार डॉलरला घेतला, दगडांवर आकडे टाकून इथे आणला आणि 1971 मध्ये तो वाळवंटात पुन्हा उभा राहिला. एरवी मी या पुलावर दोन पानं लिहिली असती. त्या दिवशी दंड इतके भरून आले होते की फोटोसाठी फोन डोळ्यांपर्यंत जाईना.

रविवारी सकाळी मी बोटीत उलटा, मागे तोंड करून बसलो. इथल्या कायद्याने ओढणाऱ्या बोटीत चालकाशिवाय एक पाहणारा लागतोच, आणि स्की करणारा पाण्यात पडला की त्याने झेंडा वर करायचा, म्हणजे बाकीच्या बोटी लांब राहतात. झेंडा नारिंगी, फूटभर चौरस. तो हातात घेऊन बोटीवर बसलेल्या मराठी माणसाच्या मनात काय येतं ते वेगळं सांगायला नको.

खुर्चीत बायको होती. तिला मी आदल्या रात्री पंखाचा कोन, उचल, वेगाचा वर्ग असं बरंच समजावलं होतं. ती म्हणाली, ‘विळीसारखं ना? मग ते आधी सांगायचं.’ तिच्या माहेरी रत्नागिरीला रोज नारळ खवला जातो, आणि मी जन्मात एकही खवलेला नाही.

पहिल्यांदा ती पडली, मी झेंडा वर केला. दुसऱ्या खेपेला पाट थपथपला, थपथप थांबली, आणि ती फूटभर हवेत, पाठ घट्ट, हात गुडघ्यांपाशी, चेहऱ्यावर स्वयंपाकघरातला गंभीरपणा. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. काकांनी वळून माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. अंगठा तिने चुकूनसुद्धा वर केला नाही. पुलाच्या दिशेला मोठा फेरा मारून आम्ही परत आलो तरी झेंडा माझ्या मांडीवर तसाच पडलेला होता.