तुम्ही विचारलंत म्हणून: पारडं किती झुकलं की पुरे?

लग्नकार्यात, ट्रेनमध्ये, परवा सोसायटीच्या जिन्यातही तोच प्रश्न: "चिपमधली मेमरी डिझाइन करता, म्हणजे दिवसभर नेमकं काय करता हो?" खरं सांगायचं तर मी एक क्षण ठरवते.

प्रोसेसरमधली कॅश, म्हणजे त्याच्या हाताशी असलेली जलद मेमरी, एसरॅम या प्रकारची असते. एका बिटाला एक सेल, सेलमध्ये सहा ट्रान्झिस्टर. वाचायच्या आधी सेलच्या दोन्ही बाजूंच्या बिटलाइन, म्हणजे बिट बाहेर नेणाऱ्या तारा, सारख्याच चार्ज करतात. मग वर्डलाइन, म्हणजे सेल निवडणारी तार, ऑन केली की सेल त्यांतली एक खाली ओढू लागतो. कोणती, त्यावरून 0 की 1 ते कळतं. पण सेल इवलासा आणि त्या बिटलाइनवर त्याच्यासारखे 256 लटकलेले. ती पूर्ण उतरेपर्यंत थांबलं तर वेळ जातो, वीजही जाते. म्हणून टोकाला सेन्स अँप्लिफायर असतो. वाण्याच्या तराजूसारखा तो पारडं जरा झुकलं की कौल देतो. त्याला 100 मिलिव्होल्टचा फरक लागतो असं धरा. त्याआधी उठवला तर चुकीचा कौल देऊ शकतो, आणि त्या वाचनापुरता तो कौल फिरत नाही. उशिरा उठवला तर प्रोसेसर खोळंबतो.

पूर्वी हा क्षण इन्व्हर्टरची साखळी सांगायची. (घरातला इन्व्हर्टर नव्हे, 0 चा 1 आणि 1 चा 0 करणारं छोटं सर्किट; साखळीतून सिग्नल पार व्हायला लागतो तेवढा वेळ थांबायचं.) अडचण अशी की तापमान, व्होल्टेज बदललं की सेल एका चालीने मंदावतो आणि इन्व्हर्टर दुसऱ्या. थंडीत चिप वेगानेच चालणार असं लोकांना वाटतं. कमी व्होल्टेजला नेमकं उलट होतं, उणे 40 अंशांना सेल रडकुंडीला येतो.

1998 साली स्टॅनफर्डच्या भारद्वाज अमृतुर आणि मार्क होरोविट्झ यांनी यावर मांडलेला तोडगा मला आजही फार सुंदर वाटतो: वेळ मोजायला घड्याळ कशाला, सेललाच विचारा! शेजारी त्याच सेलची एक नकली बिटलाइन ठेवायची, पण आखूड. ती खऱ्याच्या पाव असेल तर चौपट वेगाने उतरते. 0.8 व्होल्टच्या चिपमध्ये ती निम्म्यावर, म्हणजे 400 मिलिव्होल्ट उतरली की खरी 100 उतरलेली असते. तोच इशारा. थंडीने खरा सेल मंदावला की नकलीही तेवढाच मंदावतो.

तरी दोन सेल अगदी जुळे कधीच नसतात. म्हणून नकली बाजूला एकाऐवजी अनेक सेल मिळून ओढतात, म्हणजे सरासरी निघते. शिवाय विलंबाच्या चार-आठ पायऱ्या आम्ही हाताशी ठेवतो. चिप फॅबमधून, म्हणजे कारखान्यातून, आली की मी ती थंड पेटीत ठेवून एकेक पायरी कमी करत जाते. पहिलं चुकीचं वाचन दिसलं की थांबते, आणि दोन पायऱ्या मागे येते.