मशीन आणू नका, आधी अर्थ क्लिप बघा : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मोटार रिवायंडिंगचा गाळा होता. दहा बाय बारा. व्हार्निशचा वास अंगात मुरलेला. आयटीआय संपवून मी तिथं बसलो तेव्हा वेल्डिंग मशीन म्हणजे एकच प्रकार : ऑइलचा सेट. दोन फेजवर चालणारा, चौघांनी उचलायचा, वर करंट कमी-जास्त करायचं चाक. जळून आला की तेल काढायचं, कोर उचलायचा, जुनी तांब्याची पट्टी वजनावर मोडीत घालायची आणि नवीन भरायची. काम जड, पण डोक्याला ताप नव्हता.

त्या सेटच्या तक्रारीही ठरलेल्या. एक नेहमीची : "मिस्त्री, चाक आपोआप फिरतंय, करंट बदलतोय." आतला सरकता कोर ढिला झाला की मशीन घरघरतं आणि त्या थरथरीनं चाक सरकत जातं. बाजूच्या पट्ट्या कसल्या की झालं, अर्ध्या तासाचं काम. दुसरी तक्रार, रॉड न लावताही सेट तापतो आणि फ्यूज उडतो. ते मात्र वायंडिंगमधले वेढे शॉर्ट. तिथं आबा फक्त वास घेऊन सांगायचे, जळालंय का नाही. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही, मी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावतो.

पुढं वेल्डिंगची इन्व्हर्टर मशीन आली. एका हातात मावणारी, घरच्या सिंगल फेजवर चालणारी. आबा म्हणाले, "ही खेळणी काय टिकत न्हाईत." मलाही तसंच वाटलं, आणि त्या गैरसमजात दोन-तीन वर्षं गेली. तेवढ्यात अर्ध्या गिऱ्हाइकांकडं तीच मशीन आली.

पहिलं इन्व्हर्टर मी उघडलं ते अजून आठवतंय. आत चार आयजीबीटी, म्हणजे करंट झपाट्यानं चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, त्यातल्या दोन फुटलेल्या. नवीन आणल्या, टाके मारले, स्विच दाबला. फट्. परत आणल्या, परत फट्. गिऱ्हाइकाकडून एक रुपया घेतला नाही, उलट खिशातले गेले. नंतर उमगलं की आयजीबीटी फुटताना तिला चालवणारे मागचे छोटे पार्ट, गेट रेझिस्टर आणि झेनर, घेऊन जाते. ते न बघता वर नवीन माल बसवणं म्हणजे तुटक्या फांदीवर चढणं. आता आधी आयजीबीटीला मिळणारे ड्राइव्हचे पल्स स्कोपच्या पडद्यावर बघतो, आणि पहिल्यांदा सप्लाय देताना मशीनच्या सिरीजमध्ये शंभर वॅटचा जुना तारेचा पिवळा दिवा लावतो. दिवा चमकून मंद झाला तर कपॅसिटर भरले, ठीक. भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, स्विच बंद. हल्ली सगळीकडं एलईडी, त्यामुळं असले दिवे मी जुन्या बाजारातून डझनानं आणून ठेवलेत. कामाला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी एवढंच शिकवतो : प्लग काढला तरी आत सव्वातीनशे व्होल्ट असतात, त्याच दिव्यानं कपॅसिटर आधी रिकामे करायचे. एकानं ऐकलं नव्हतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक उडालं आणि तो दोन दिवस गाळ्यात फिरकला नाही.

पण धंदा वाढला तो या कामानं नाही. वाढला तो फोनवर.

शिरोळ तालुक्यातला एक ऊस ट्रॉली करणारा गिऱ्हाईक. सीझन तोंडावर, आणि तिसऱ्यांदा तेच मशीन घेऊन आलेला. "मालक, सकाळी झकास चालतंय, अकरा वाजले की रॉड चिकटतोय." माझ्या टेबलावर मशीन लोण्यासारखं चालायचं. शेवटी मोटरसायकल काढून त्याच्या शेडवर गेलो. अकराला शेतीपंपांची लाइट आली आणि मीटरवर व्होल्टेज 230 वरून 190 वर. त्यात बोर्डापासून शेडपर्यंत पन्नास मीटर दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर. जाऊन-येऊन शंभर मीटर, म्हणजे सव्वा ओहमच्या आसपास. वीस अँपिअर ओढले की आणखी चोवीस-पंचवीस व्होल्ट वायरीतच खलास. मशीनपाशी उरले 165. ते बिचारं काय करणार?

तिथंच अर्थ क्लिपकडं, म्हणजे वेल्डिंगच्या लोखंडाला लावायच्या चिमट्याकडं, हात गेला. चटका बसला. गंजलेल्या अँगलवर, रंगावरच लावलेली, स्प्रिंग मेलेली. हिशोब सोपा आहे. सांध्यात अर्ध्याच्याही दहाव्या भागाएवढा, म्हणजे 0.05 ओहम रोध असला आणि 120 अँपिअर जात असले, तर सहा व्होल्ट तिथं गेले. आर्कला मिळतात जेमतेम पंचवीस, त्यातले सहा. आणि सातशे वॅटची इस्त्री त्या क्लिपमध्ये पेटलेली. वायर चारची टाकली, क्लिप बदलली, अँगल घासून पांढरा केला. मशीनला हातही लावला नाही. पैसे मागायला जीभ रेटेना, त्यानं बळंच काकवीचा डबा दिला.

तेव्हापासून फोन आला की आधी विचारतो : पाच मिनिटं वेल्डिंग मारा, सप्लाय बंद करा, मग होल्डर, लग (केबलच्या टोकाचा जोड), अर्थ क्लिप चाचपून बघा. गरम कुठं लागतंय? निम्मी मशीन तिथंच बरी होतात. मशीन तापल्याची पिवळी लाइट लागली म्हणून घाबरून मेन स्विच बंद करणारेही बरेच. ते उलटं करतात. मशीनवर 200 अँपिअर, 60 टक्के लिहिलंय म्हणजे दहातली सहा मिनिटं काम, चार मिनिटं दम. लाइट लागली तर मशीन चालूच ठेवायचं, पंखा फिरू द्यायचा. आमचा भाऊ म्हणायचा, असं फोनवर फुकट सांगत बसलास तर गल्ला कसा भरणार. त्याचा मुद्दा चूक नव्हता, तीन-चार महिने हात आखडतेच होते. मग ज्यांना फुकट सांगितलं तेच खरोखर जळालेली मशीन घेऊन यायला लागले, येताना शेजाऱ्याचंही आणायला लागले.

2019 च्या ऑगस्टात महापूर आला. शिरोलीजवळ महामार्गच पाण्यात, कोल्हापूर तुटलेलं. पाणी उतरल्यावर गाळ्यासमोर मशीनांची रांग लागली, चिखलानं माखलेली. ऑइल सेटचं तेल खालून सोडलं की आधी पाणी यायचं, मग दुधासारखं तेल. वायंडिंग दिव्यांच्या उबेत आठ-आठ दिवस ठेवलं, मेगरचा काटा वर चढेपर्यंत. इन्व्हर्टरचे बोर्ड आम्ही आधी स्वच्छ पाण्यानं धुतले. लोक म्हणायचे, भिजलेलं आणि परत भिजवताय? पण गाळ वाळून बसला तर तोच पुढं शॉर्ट करतो. धुऊन, थिनर मारून, पूर्ण वाळवून मगच दिव्यावर लावायचं. ज्यांनी घरी उन्हात ठेवून दुसऱ्या दिवशी चालू करून बघितलं, त्यांची मशीन वाचली नाहीत.

2021 च्या जुलैत परत पाणी. या वेळी रांग लागली नाही. ट्रॉलीवाल्यानं मशीन दोरानं शेडच्या गर्डरला टांगलं होतं, फोन करून अभिमानानं सांगितलं. मग जरा थांबून म्हणाला, "मालक, रॉडचं बॉक्स तेवढं खाली राहिलं. चुलीपाशी वाळवून चालतील काय?"

पाण्यात बुडालेले रॉड. म्हटलं, दादा, फेकून द्या.