वजन उतरलं, मग आता त्रास कसला?

‘वजन उतरलं, साखर आटोक्यात आली, गुडघेही दुखायचे थांबले. मग आता त्रास कसला?’ हा प्रश्न मला वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी विचारला जातो. विचारणाऱ्यांत नातेवाईक असतात, शाळेतल्या सहशिक्षिका असतात, आणि अलीकडे स्वतः वजन उतरवण्याच्या ऑपरेशनचा विचार करणाऱ्या, कोणाच्या तरी ओळखीने घरी येऊन बसणाऱ्या बायकाही असतात. पहिली दोन वर्षे मी ‘काहीच नाही हो, छान चाललंय’ असे उत्तर देत असे आणि ते खोटे होते. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून आता खरे उत्तर देते. ते थोडे लांबेल.

माझे गॅस्ट्रिक बायपास २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात झाले. तेव्हा माझे वय ४२, उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ११८ किलो होते. मधुमेहाला नऊ वर्षे झाली होती आणि झोपेत श्वास अडकत असल्यामुळे रात्री नाकावर यंत्र लावून झोपावे लागत होते. आदल्याच वर्षी इजिप्तच्या इमान अहमद यांना वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी विमानाने मुंबईत आणले होते आणि पुढे सप्टेंबरमध्ये अबू धाबीत त्यांचे निधन झाले होते, त्यामुळे आमच्या घरात ‘वजनाचे ऑपरेशन’ हे शब्द निघाले की आई उठून देवापाशी जाऊन बसत असे. या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटरची एक छोटी पिशवी तयार करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. सोळा महिन्यांत माझे वजन ७६ किलोवर आले, आणि मधुमेहाच्या गोळ्या तर त्याआधीच बंद झाल्या. पुन्हा तशी वेळ आली तर मी हे ऑपरेशन पुन्हा करून घेईन. मी त्रासाविषयी सांगते आहे, पश्चात्तापाविषयी नाही, एवढे आधीच सांगून ठेवलेले बरे.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत मला सर्वांत जास्त आठवण आली ती पुरणपोळीची नव्हे, घटाघटा पाणी पिण्याची. सांगलीतला एप्रिल म्हणजे काय ते इथल्या माणसांना सांगायला नको. शाळेतून दुपारी घरी यायचे, तांब्या तोंडाला लावायचा आणि तो रिकामा करूनच खाली ठेवायचा, ही चाळीस वर्षांची सवय. आता खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणाऱ्या टोपणाने मोजून घोट घोट पाणी प्यायचे, तेही जेवणाच्या आधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास सोडून. एकदा न राहवून मोठे तीन घोट घेतले तर छातीच्या मध्यभागी कोणी पाचर ठोकावी तसे दुखले आणि सगळे बाहेर आले. मी न्हाणीघरात बसून रडले. पाण्यासाठी रडण्याइतके माझे काय बिघडले आहे, हे तेव्हा मला कोणाला समजावून सांगता आले नसते.

डम्पिंगविषयी, म्हणजे गोड घास जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरल्याने होणाऱ्या त्रासाविषयी, डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, पण सांगितलेले आणि सोसलेले यांत अंतर असते. भाच्याच्या साखरपुड्यात, ऑपरेशनला सहा महिने झालेले असताना, मी चार चमचे बासुंदी खाल्ली. वीस मिनिटांत काळीज धडधडू लागले, अंगाला दरदरून घाम फुटला, पोटात पीळ पडू लागला आणि मी कार्यालयाच्या वधूपक्षाच्या खोलीत सतरंजीवर आडवी झाले. बायकांना वाटले, हृदयविकाराचा झटका आला. मी नववीच्या मुलांना मनुका पाण्यात टाकून परासरण शिकवते. मनुकेत साखर दाट, म्हणून पाणी आत शिरते आणि ती टरारून फुगते. माझ्या आतड्यात त्या दिवशी तेच घडत होते. जठराच्या खालच्या टोकाशी जी झडप अन्न थोडे थोडे पुढे सोडते, ती आता माझ्या वाटेत नाही, त्यामुळे दाट गोड घास सरळ आतड्यात उतरतो आणि शरीरातले पाणी तिकडे ओढून घेतो. दुसरा प्रकार उशिराचा, खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी येणारा. इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटते, रक्तातली साखर घसरते आणि हातातला खडू थरथरू लागतो. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या खणात ग्लुकोजची पुडी असते आणि वर्गाच्या मॉनिटरला ती कुठे आहे हे माहीत असते.

केस गळण्याचे फार सांगत नाही, कारण ते थांबते. चौथ्या महिन्यात वेणीतून हात फिरवला की पुंजके यायला लागले. वजन झपाट्याने उतरले की केसांची मुळे विश्रांतीत जातात आणि काही महिन्यांनी पुन्हा कामाला लागतात. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत हे मात्र तेव्हा मनावर घेतले. अंडी, पनीर, चक्का, मुगाचे धिरडे. आधी हे, मग जागा उरली तर चतकोर भाकरी.

कातडीचे मात्र थांबत नाही. चाळीस किलो गेले, पण त्यांना धरून ठेवणारी कातडी राहिली. पोटाच्या घडीत पावसाळ्यात ओल राहते, लाल चट्टे उठतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ सुती पंचाने टिपून पावडर लावावी लागते. ती कातडी काढण्याचे ऑपरेशन वेगळे, खर्च वेगळा, आणि ‘आता ही नटायला निघाली’ असे म्हणणारे लोकही वेगळे. मी ते केले नाही. साडीत दिसत नाही, हे माझे त्यावरचे उत्तर आहे आणि ते काही फारसे शूरपणाचे नाही.

शरीराचे हे सगळे पुस्तकात सापडते. दुसरे असे की मी लोकांना ऑपरेशनचे सांगितलेच नाही. शिक्षकांच्या खोलीत ‘काय डाएट केलंस?’ असे विचारले की मी ज्वारी, चालणे आणि साखर बंद अशी तीन नावे घेत असे. ‘ऑपरेशन म्हणजे काय, पैसे टाकून पळवाट काढायची’ हे वाक्य मी आमच्याच नात्यात दुसऱ्या एका बाईविषयी ऐकले होते, आणि भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या पैशांची टोचणी आधीच होती. पण खोट्याची अडचण अशी की मग उलटी का झाली, गोळ्या कसल्या, पंगतीतून मध्येच का उठलीस, यांतले काहीच सांगता येत नाही. चालून वजन उतरवलेल्या बाईला कसला त्रास असणार?

आपल्याकडे जेवणाच्या ताटावर किती नाती वाढलेली असतात, हे मला तेव्हा कळले. आग्रह न करणे हा आपल्यात अपमान आणि आग्रह मोडणे हा त्याहून मोठा अपमान. आईने मला नेहमी ‘माझी खाणारी लेक’ म्हणून ओळखले. भाऊ नखरे करायचा, मी ताट चाटूनपुसून उठायचे. त्या पहिल्या होळीला मी पोळीचा लिंबाएवढा तुकडा घेऊन उरलेली परत केली, तेव्हा आई म्हणाली, ‘माझ्या हातचं आता तुला उतरत नाही.’ तिने ते पोटाविषयी म्हटले की मायेविषयी, हे मी विचारले नाही. पुढे दोन वर्षे मी सणाला माहेरी जायचेच टाळले. सासूबाईंनी ते सोपे केले; मी संकष्टीचा उपास सोडला, साबुदाण्याच्या खिचडीने माझा जीव घाबरा होतो असे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तुझा तर आता बारमाही उपास आहे, गणपतीला पोचतोय तो.’ आईने वाट शोधायला वेळ घेतला. आता होळीला ती पुरणाचा कट काढला की आधी माझ्यासाठी वाटीभर आमटी करून ठेवते, बेताच्या गुळाची, लसूण-खोबऱ्याची, आणि मी ती तासभर पुरवून पिते.

आणखी एक गोष्ट मला राग आणते, अजूनही. दुकानदार हसून बोलू लागले, एसटीत शेजारची जागा लोक आपणहून देऊ लागले, एका पालकाने तर ‘मॅडम आता कशा उत्साही वाटतात’ असे मुख्याध्यापकांना सांगितले. ११८ किलोची बाईसुद्धा मीच होते आणि तिचे वर्ग याहून चांगले होत होते. तरीही बाकांमधून जाताना मी आजही अंग चोरून तिरकी होते. डोळ्यांना माहीत झालेले माप मनाने अजून घेतलेले नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णेचे पाणी आमच्या घरात शिरले तेव्हा आम्ही कागदपत्रे आणि सासूबाईंना घेऊन मिरजेला नातेवाइकांकडे गेलो. ऑपरेशननंतर रोज घ्यायच्या लोह-जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा माझा डबा कपाटात राहिला आणि कपाट पाण्यात राहिले. त्या दिवसांत जे मिळेल ते खायचे होते. मिळत होती बिस्किटे, पोहे आणि भडंग. भडंग ही आमच्या सांगलीची लाडकी वस्तू, आणि बायपास झालेल्या माणसासाठी ती फसवी आहे, कारण भाकरीचा चतकोर पिशवीत अडून पोट भरल्याचे सांगतो, पण कुरकुरीत चुरमुरा चावून विरघळतो आणि सरकून जातो. अशी मूठ मूठ दिवसभर चालू शकते. घर धुऊन पुन्हा लावले, चिखलाचा वास गेला, पण गोळ्या परत सुरू झाल्या नाहीत आणि भडंगाचा डबा मात्र स्वयंपाकघरात कायमचा राहिला. संध्याकाळी सात वाजता, पोटाला भूक नसताना, डोक्याला जी भूक लागते तिला ऑपरेशनने हात लावलेला नसतो.

वर्ष-दीड वर्षाने पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना धाप लागू लागली. हिमोग्लोबिन ८.२ निघाले आणि बी-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेले. लोह मुख्यतः आतड्याच्या ज्या पहिल्या भागात शोषले जाते तोच माझ्यात वगळलेला आहे, आणि बी-१२ शोषायला जठरातल्या ज्या घटकाची मदत लागते त्याची आणि अन्नाची नीट गाठच पडत नाही. म्हणजे गोळ्या मला औषध म्हणून नव्हेत, जेवणाचा भाग म्हणून जन्मभर लागणार होत्या. वजन ८५ झाले होते. त्या काळात मी सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून उठत नसे. एवढे पैसे, एवढी चिरफाड, आणि तरीही मी तीच, हे एकच वाक्य दिवसभर डोक्यात फिरायचे.

माझ्या सर्जनांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. मी चिडले, मला वाटले, हे मला वेडी ठरवताहेत. त्यांनी शांतपणे सांगितले की या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांत नैराश्य आणि स्वतःला इजा करून घेण्याचे विचार वाढलेले अनेक अभ्यासांत दिसले आहेत, काहींची खाण्याची ओढ दारूकडे वळते, आणि बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर चढते, म्हणून हे विचारणे त्यांचे कामच आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत विचारले, ‘ऑपरेशन झालंय हे किती जणांना माहीत आहे?’ मी बोटांवर मोजले. एक हात पुरला. औषधे आठ महिने घेतली, ती हळूहळू शोषली जाणारी नसावीत याची काळजी त्यांनी घेतली, कारण माझ्या आतड्यात त्यांना तेवढी वाट मिळत नाही. पण खरा उतार पडला तो शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत ‘माझं पोटाचं ऑपरेशन झालंय’ असे मोठ्याने सांगितल्यावर. अर्धा मिनिट शांतता होती, मग इतिहासाच्या बाईंनी खर्च किती आला ते विचारले.

नवऱ्याविषयीही विचारता, म्हणून सांगते. स्वीडनमधला २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. अशा शस्त्रक्रियेनंतर जोडपी वेगळी होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले, आणि एकट्या असलेल्यांची लग्ने होण्याचेही. आमचे तसे काही झाले नाही, पण आमचा शनिवार गेला. लग्नापासून दर शनिवारी आम्ही बाहेर जेवायला जायचो, तिथेच आठवडाभराचे बोलणे व्हायचे. ऑपरेशननंतर त्यांना माझ्यासमोर थाळी मागवायची चोरी वाटू लागली आणि मला त्यांची चोरी पाहवेना, म्हणून आम्ही घरीच टीव्हीसमोर बसू लागलो आणि बोलणे थांबले. हे सांगायला त्यांना तीन वर्षे लागली, मला थोडी जास्त.

सध्या वजन ८२ आहे. लोहाची गोळी सकाळी, चहापासून दूर. कॅल्शियम सायट्रेट दुपारी आणि रात्री, लोहापासून दोन तास सोडून. बी-१२ चे इंजेक्शन महिन्याला. रक्ताची तपासणी सहा महिन्यांनी. दात काढायला गेले तरी आधी बायपासचे सांगते, कारण नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी पिशवी आणि आतडे यांच्या जोडावर व्रण होऊ शकतो. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघे कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर फिरायला जातो. परतताना यजमान भडंगाचा एक पुडा घेतात, मी त्यातली एक मूठ घेते, सावकाश खाते, आणि उरलेला पुडा घरी गेल्यावर ते कुठे ठेवतात हे मी त्यांना विचारत नाही.