साखरेची परवानगी

आमच्या घरात रोज भात मी शिजवते, मीच वाढते, ‘अजून थोडा घ्या’ म्हणून आग्रहही मीच करते आणि स्वतः वासावर भागवते. सोळा वर्षं झाली. मधुमेह निघाला त्या आठवड्यात माझ्या ताटातून भात गेला आणि ज्वारीची भाकरी आली, ती आजतागायत आहे. त्यामुळे पोटाच्या डॉक्टरांकडून मिळालेल्या कागदावर ‘पांढरा भात चालेल’ ही ओळ दिसली तेव्हा मी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली.

कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून करायच्या तपासणीच्या, आधी तीन दिवस काय खायचं आणि काय खायचं नाही, याचा तो कागद. ‘खाऊ नये’च्या खाली: पालेभाज्या, कोशिंबिरी, भाकरी, मोड आलेली कडधान्यं, साली, बिया, दाणे, तीळ. ‘चालेल’च्या खाली: पांढरा भात, मैद्याचा ब्रेड, रव्याचा उपमा, साल काढलेला उकडलेला बटाटा, साधी बिस्किटं. आमच्या फ्रिजवर सोळा वर्षांपूर्वीचा आहारतज्ज्ञ बाईंचा कागद अजून चिकटवलेला आहे. दोन्ही शेजारी धरून पाहिले. मथळ्यांची अदलाबदल केली की झालं, बाकी मजकूर तोच.

कारण सोपं होतं. चोथा आणि बिया आतड्याच्या भिंतीला चिकटून राहतात, त्यामागे काय दडलंय ते दिसत नाही, आणि दुर्बिणीची पाणी ओढून घेणारी नळी टोमॅटोच्या एका बीनेसुद्धा तुंबू शकते. डॉक्टर प्लंबरसारखे बोलत होते. माझं हिमोग्लोबिन ९.२ वर आलं होतं, लोह कमी होतं. “पाळी थांबलेल्या बाईचं लोह कमी होतंय म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती शोधायची, नुसती टाकी भरत बसायची नाही,” ते म्हणाले. टाकी भरायच्या त्या लोहाच्या गोळ्यासुद्धा आठवडाभर आधी बंद केल्या, कारण त्यांनी आतलं सगळं काळं दिसतं.

कागदाच्या अगदी तळाला, फोन नंबराच्या वर, बारीक अक्षरांत एक ओळ होती: ‘मधुमेही रुग्णांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.’ संपलं. माझ्या लेखी खरा विषय तिथून सुरू होत होता. ज्या देशात दर वाड्यात, दर मजल्यावर एक तरी शुगरवाला आहे, तिथे त्यांना एका ओळीत उरकलेलं पाहून मला राग आला. कोकम सरबत का चालत नाही यावर मात्र दोन ओळी होत्या. (लाल किंवा जांभळं काही प्यायलं की आत रक्त असल्यासारखं दिसतं, म्हणून. बीटही नाही.)

मग आमच्या शुगरच्या डॉक्टरांकडे. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला लिहून दिलं. डापाग्लिफ्लोझिन तीन दिवस आधीच बंद, कारण ही गोळी चालू असताना उपास घडला तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि मीटरवर शुगर चांगली दिसत असल्यामुळे कुणाला संशयही येत नाही. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची जोडगोळी आदल्या दिवशी सकाळपासून बंद, कारण ग्लिमेपिराइड पोटात अन्न आहे की नाही याची चौकशी न करता साखर खाली ओढत राहते. रात्रीचं ग्लार्जिन इन्सुलिन मात्र अजिबात बंद करायचं नाही, फक्त १८ऐवजी १२ युनिट. आणि वेळ सकाळची पहिली मागून घ्यायची, म्हणजे उपाशी बसणं लांबत नाही. हा माझा हिशेब, हे सांगून ठेवते. तुमच्या गोळ्या वेगळ्या, तुमचा हिशेबही तुमच्याच डॉक्टरांकडून मांडून घ्या.

रविवार आणि सोमवार मजेत गेले. ह्यांनी मऊ भात केला. वर तूप, मीठ, सालीच्या मुगाचं नव्हे तर पिवळ्या डाळीचं वरण. पहिला घास तोंडात विरघळला तेव्हा मी डोळे मिटले. “बरं वाटतंय ना?” ह्यांनी विचारलं. बरं वाटत होतं. पण तिसऱ्या घासाला मला भाकरीची आठवण यायला लागली, हेही खरं. जिभेला इतक्या वर्षांत चावायची सवय लागलेली. दोन तासांनी शुगर २३४. हौस तिथेच फिटली.

घोळ झाला तो मंगळवारी सकाळी आणि पूर्णपणे माझाच. आठवड्याच्या गोळ्यांची डबी मी रविवारी भरते. त्यातून डापाग्लिफ्लोझिन आठवणीने काढून टाकली होती. जोडगोळी तशीच राहिली. डॉक्टरांनी औषधांची नावं लिहिली होती. माझ्या पाकिटावर कंपनीचं नाव ठळक आणि औषधाचं नाव मुंगीच्या पायाएवढं. सकाळी अर्धवट झोपेत, कोऱ्या चहाबरोबर, सोळा वर्षांच्या सवयीच्या हाताने ती गोळी तोंडात टाकली. लक्षात आलं अकरा वाजता, तेही मंगळवारचा कप्पा रिकामा दिसला म्हणून. डॉक्टरांना फोन केला. ते ओरडले नाहीत. दर दोन तासांनी शुगर बघा, नुसतं पाणी पिऊ नका, साखर घातलेलं प्या, रात्री इन्सुलिन १२ नाही, ८च घ्या, म्हणाले.

मंगळवारी फक्त पातळ, आणि तेही आरपार दिसणारं. ‘ग्लासातून पेपर वाचता आला पाहिजे’ ही त्याची कसोटी. ह्यांनी ती शब्दशः घेतली. शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, दुधाशिवाय चहा, डाळीच्या वरचं निवळ पाणी, प्रत्येक ग्लास ते आजच्या अंकासमोर धरायचे आणि मोठ्याने वाचायचे. डाळीचं पाणी पहिल्या परीक्षेत नापास झालं. पुन्हा फडक्यातून गाळलं, तेव्हा हळदीचे भाव वाचता आले.

संध्याकाळी सहाला पाकीट फोडलं. १३७ ग्रॅम पावडर, २ लिटर पाणी. निम्मं रात्री, निम्मं पहाटे चारला. पॉलिएथिलीन ग्लायकॉल असं त्याचं नाव. ‘ग्लायकॉल’ म्हटल्यावर माझे कान टवकारले होते, पण त्याचा ग्लुकोजशी काही संबंध नाही. ते अंगात जिरतच नाही. पाणी धरून ठेवतं आणि ते पाणी घेऊन मागच्या दाराने निघून जातं. चवीला खारट संत्रं. दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. पहिला गेला, दुसरा ढकलला, तिसऱ्याला मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत उभी राहिले. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. त्या पाटावर बसून हे सगळं पाहत होत्या.

“आम्हाला महिन्याच्या महिन्याला एरंडेल द्यायचे,” त्या म्हणाल्या. “नाक दाबून. एक चमचा. दोन लिटर नाही.”

“आई, ते पोट साफ करायला होतं. हे आत बघायला आहे.”

“साफ झाल्यावर बघायचं काय?”

याचं उत्तर मला देता येईना, कारण तेवढ्यात चौथा ग्लास आला.

मधुमेहात आतड्यांची चालही मंदावते. इतरांना तासाभरात जे होतं ते मला दोन तास झालं तरी होईना. मी घरात येरझाऱ्या घातल्या, गच्चीवर जाऊन आले. आणि मग जे सुरू झालं त्याचं वर्णन करण्याची मराठीला गरज नाही, तिच्याकडे शब्द भरपूर आहेत. मोबाइल घेऊन बसले होते म्हणून एवढं वाचून झालं की, १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या दोन डॉक्टरांनी असल्या लवचिक दुर्बिणीतून आतड्यातली गाठ पोट न कापता काढून दाखवली. माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी. मोठं आतडं सुमारे दीड मीटरचं, म्हणजे जवळजवळ माझ्या उंचीएवढं. ते आख्खं नळीच्या डोळ्याने फिरून यायचं हे काम, मला त्या क्षणी तरी, चंद्रापेक्षा अवघड वाटलं.

रात्री दोन चाळीसला जाग आली ती घामाने. ब्लाउज पाठीला चिकटलेला, हात थरथरत होते, आणि मनात एकच विचार घुमत होता की मला गॅस बंद करायचा आहे. गॅस बंदच होता. शुगर खाली गेली की माझं डोकं असंच कुठल्यातरी फुटकळ कामाला अडकून बसतं. मीटर काढायला दोन प्रयत्न लागले. पट्टी उलटी घातली. मग सुलटी. ६१.

हे उठले, फ्रिजमधून सरबताची बाटली आणली, ग्लास तोंडाला लावला आणि मला ओकारीच आली. एक लिटर खारट संत्रं रिचवलेल्या पोटाने आणखी एक थेंब पातळ घ्यायला साफ नकार दिला. “थोडं तरी घे गं,” म्हणत हे शेजारी बसले, आणि दारात काठीचा आवाज आला. सासूबाई. हातात पितळेची गोल डबी. पंढरपूरची खडीसाखर. ही डबी गेली सोळा वर्षं दर आषाढीनंतर माझ्यासमोर येते. मी हात जोडते, ‘आई, मला नको’ म्हणते आणि त्या ‘प्रसादाला नाही म्हणू नये’ असं पुटपुटत डबी मिटतात.

त्यांनी काही विचारलं नाही. माझी मूठ उघडली आणि त्यात चार खडे ठेवले. “चाव,” म्हणाल्या.

मी चावले. कडाकडा. रात्रीच्या पावणेतीनला तो आवाज केवढा मोठा वाटला. आणखी दोन खडे. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा सुई: ८८. साखर अशी मनसोक्त खायची मुभा मिळाली तर मी काय काय खाईन याच्या याद्या मी लग्नाच्या पंगतींत बसून किती वेळा केल्या होत्या. प्रत्यक्षात चव अशी काही लागलीच नाही. औषध खाल्ल्यासारखी खाल्ली. सासूबाई मात्र तिघांत सगळ्यात समाधानी दिसत होत्या. प्रसाद पोटात गेला होता.

चारला उरलेला लिटर. साडेपाचला तो संपला आणि त्यानंतर पाणीही बंद.

हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, “काकू, शेवटी कसं होत होतं? रंग?” मी रात्रभर याच उत्तराची तयारी केली होती. “आधी दुधाचा चहा, मग कोरा चहा, मग लिंबू सरबत.” ती हसली आणि कागदावर बरोबरची खूण केली. शुगर ११८. इतका चांगला आकडा वर्षभरात आला नव्हता आणि तो बघायला आमचे शुगरचे डॉक्टर तिथे नव्हते.

मागून बांधायचा झगा, डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. भुलीच्या डॉक्टर बाईंनी सिरिंज दाखवली. आत दुधासारखं पांढरंशुभ्र औषध. “हे दूध चालतं का?” मी विचारलं, म्हणजे विचारायला सुरुवात केली. वाक्य संपल्याचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा पोट फुगलेलं आणि ह्यांचा चेहरा वर. आत भरलेली हवा बाहेर येईपर्यंत लाजायचं नाही, अशी सूचना नर्सने आधीच देऊन ठेवली होती. मी ती पाळली. एक गाठ सापडली होती, ८ मिलिमीटरची. तिथल्या तिथे काढून तपासायला पाठवली. एवढ्याशा गाठीने ९.२ होत नाही, असं डॉक्टरांचं मत पडलं, म्हणून आता जठराची दुर्बीण. तिला निदान एका रात्रीचा उपास पुरतो. (गाठीचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला. साधी होती, पण राहिली असती तर काही वर्षांनी साधी राहिली असतीच असं नाही, म्हणाले.)

कॅन्टीनमध्ये दुधाचा चहा मागितला. बिनसाखरेचा. “तयार गोडच आहे, वेगळा करायला पंधरा मिनिटं लागतील,” पोऱ्या म्हणाला. “आज घे की गोड,” हे म्हणाले. मी पंधरा मिनिटं थांबले.

घरी आले तर सासूबाई दारातच.

“काय निघालं?”

“एक छोटी गाठ, आई. एवढीशी.” मी करंगळीचं नख दाखवलं.

त्यांनी ते नख निरखून पाहिलं.

“शेंगदाणा असेल,” त्या म्हणाल्या. “भडंग चावून खात नाहीस तू.”