पॅरिसच्या पंक्तीला अँकरेज

रविवार, रात्री उशिरा

गेले तीन आठवडे रात्रीचे जेवण उरकले की मी ओपनफ्लाइट्स या विमानमार्गांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाच्या खुल्या नोंदी घेऊन बसतो. त्यांत जून २०१४ पर्यंतचे सदुसष्ट हजारांहून अधिक विमानमार्ग आहेत. विमानतळ म्हणजे बिंदू आणि थेट उड्डाण म्हणजे दुवा, अशी साधी मांडणी करून मी सुरुवात केली, तेव्हा ज्या बिंदूला दुवे अधिक तोच महत्त्वाचा, असे मी धरून चाललो होतो. आज तो समज मोडला.

रॉजर गिमेरा, लुईस अमराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जगभरच्या विमानमार्गांच्या जाळ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडलेल्या शहरांच्या प्रत्येक जोडीसाठी कमीत कमी विमाने बदलावी लागतील असा मार्ग काढायचा आणि अशा मार्गांपैकी किती एखाद्या शहरातून जातात ते मोजायचे, ही त्यांतली एक मोजणी. त्या मोजणीत पॅरिस वर येते यात नवल नाही. पण त्याच्या पंक्तीला अलास्कातले अँकरेज येऊन बसते, ज्याचे दुवे त्या मानाने फारच थोडे आहेत. कारण उमगले तेव्हा मी बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिलो. अलास्कात विमानतळ पुष्कळ. मात्र त्यांतील बहुतेकांची विमाने अलास्कातच फिरतात, आणि बाहेरच्या जगाकडे नेणारी दारे मोजकीच. तिथल्या बेथेल या गावाला उर्वरित अलास्काशी जोडणारा रस्ता नाही. भोवतालच्या खेड्यांतली माणसे छोट्या विमानाने बेथेलला येतात आणि तिथून अँकरेज गाठतात. ज्या आजाऱ्याला मोठ्या रुग्णालयात न्यायचे आहे, त्याच्यासाठी तो एक दुवा पॅरिसच्या शेकडो दुव्यांहून मोलाचा आहे, आणि नुसती दुव्यांची संख्या पाहणाऱ्याला तो दिसतच नाही. आपल्याकडचे लक्षद्वीपमधले अगत्ती मला इथे सारखे आठवत होते: या जुन्या नोंदींतल्या जाळ्यातून कोची पुसले, तर त्याची मुख्य भूमीशी असलेली विमानाची नेहमीची वाट बंद होते.

बिंदू कशाला म्हणायचे, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. त्या अभ्यासात बिंदू म्हणजे शहर. जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झालेला गोव्यातला नवा विमानतळ मोपा मी जुन्या नोंदींत हाताने भरला, तेव्हा दाबोळी या तिथल्या जुन्या विमानतळाहून मोपाला जाण्याची वाट संगणकाने मुंबईवरून दाखवली, कारण गोव्यातला रस्ता त्याला ठाऊकच नव्हता. दोन्ही मिळून एकच बिंदू मानावा, तर एका ठिकाणी उतरून दुसरीकडचे विमान पकडणाऱ्याचे रस्त्यातले तास हिशेबातून गळतात. तूर्त दोन बिंदू तसेच ठेवून त्यांच्यामध्ये रस्त्याचा वेगळा दुवा टाकला आहे आणि त्याला प्रवासाच्या वेळेचे वजन दिले आहे, म्हणजे किती वेळ लागतो तो आकडा त्या दुव्याला जोडला आहे. अर्थात, मग सगळ्याच उड्डाणांना वेळेचे वजन द्यावे लागेल. उद्या रात्री मुंबईपासून सुरुवात करतो.