नाचलेले किलोमीटर

माझा भाऊ बाळ्या गेला त्यानंतरच्या पहिल्या आषाढीला मी माउलींच्या पालखीबरोबर चालले. आमच्या घरात वारी नव्हती. आजोबांच्या गळ्यात माळ होती, ती त्यांच्याबरोबरच गेली. मी निघाले होते पैसे गोळा करायला. हे आधीच सांगून टाकते, कारण दिंडीत सांगितल्यावर लोक क्षणभर गप्प व्हायचे आणि मग विषय बदलायचे.

हिशेब असा. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. नातेवाईक, शाळेतले सहकारी, बाळ्याचे मित्र यांनी किलोमीटरला दहा, वीस, ज्याची जशी ऐपत तसे रुपये कबूल केलेले. जमतील ते आमच्या भागातल्या डायलिसिसच्या पेशंटांच्या गाडीभाड्याला. डायलिसिस योजनेत फुकट होतं. पण आठवड्यातून तीनदा खेड्यातून जिल्ह्याला जायचं, चार तास मशीनवर पडायचं, गळून गेलेल्या अंगाने परत यायचं, बरोबर घरातलं एक माणूस, त्याचा रोज बुडणार. ते कुठल्या योजनेत बसत नाही. बाळ्याबरोबर आई जायची. शेवटी शेवटी कंडक्टर तिला कुठलं तिकीट म्हणून विचारायचासुद्धा नाही.

मावसभावाने मोबाइलवर ग्रुप काढला आणि तो स्वतःच त्याचा मुनीम झाला. रोज फोटो, रोज आकडा. पुण्यात पालखीचे दोन मुक्काम असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मेसेज, ‘ताई, आज शून्य का?’ सासवडला पुन्हा तेच. दिवे घाट चढून आल्यावर पायांत जीव नव्हता आणि हा विचारतोय, घाटाचा एखादा चांगला फोटो नाही का. जेजुरीला भंडारा अंगावर घेतला, नीरेला पादुकांचं स्नान लांबून पाहिलं. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. अश्व धावले, आम्ही जागच्या जागी नाचलो. मोबाइलने नाचसुद्धा मोजला. मावसभावाने तो वजा करायला लावला.

फलटणहून निघताना डाव्या टाचेला नुसती हुळहुळ होती. विडणीला न्याहारी होईपर्यंत फोड आला. पिंप्रदच्या अलीकडे पाऊल टेकवणं अशक्य झालं. दिंडीची ओळ सोडायची नाही, असं महाराजांनी पहिल्याच रात्री बजावलं होतं. मी सोडली. बाभळीखाली डांबराच्या कडेला बसले आणि समोरून दिंड्यांमागून दिंड्या जात राहिल्या. पताका, वीणा, डोईवर तुळशी, हंडे. ‘माउली, उठा’, ‘माउली, पाणी’, ‘माउली, गाडीत बसा’. दर दोन मिनिटांनी कोणीतरी थांबायचं. मला एकही माउली नको होती.

आणि पाणी तर अजिबात नको होतं. वारीत पाणी मागावं लागत नाही, लोक हात धरून पाजतात. टँकर, पिंप, कळश्या, पोरांच्या हातात पुढे केलेले पेले. बाळ्याला दिवसाचं पाणी मोजून होतं. आई सकाळी एका बाटलीत भरून ठेवायची. चहा, औषध, तहान, सगळं त्यातच. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा गालात धरून बसायचा आणि टीव्हीवर क्रिकेट बघायचा. ड्रिंक्स ब्रेक झाला की चॅनेल बदलायचा. असल्या माणसाची बहीण मी, आणि माझ्यापुढे पाचवा पेला. ‘नको म्हटलं ना,’ मी एका मुलावर खेकसले. तो बिचारा ‘बरं माउली’ म्हणून गेला.

मग एक म्हातारी न विचारता शेजारी येऊन बसली. परभणीकडची. तुळस खाली ठेवली, पिशवीतून स्टीलची डबी काढली. डबीत सुई, पांढरा दोरा, हळद.

“दे पाय.”

“नको आजी, दिंडीत डॉक्टर आहेत.”

“ते गेले म्होरं. दे.”

तिने माझा पाय मांडीवर ओढून घेतला. मला कसंतरी झालं. आईपेक्षा मोठी बाई, तिच्या लुगड्यावर माझी चिखलाची टाच. तिने सुई काडी ओढून जाळावर धरली, दोरा हळदीत माखला, फोडाच्या एका कडेने सुई आत घातली आणि दुसऱ्या कडेने बाहेर काढली. दोरा आत तसाच ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी त्या दोऱ्यावरून हळूहळू झिरपत राहतं, वरची कातडी निघत नाही. हे करताना ती सुनेबद्दल बोलत होती, सोयाबीनच्या पेरणीबद्दल बोलत होती. सून आळशी, पाऊस त्याहून.

“कशापायी आली?” शेवटी तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. भाऊ, किडनी, किलोमीटरला दहा रुपये. ती इतरांसारखी गप्प झाली नाही.

“आन् इठ्ठलानं किती कबूल केले?”

मी हसले. हसता हसता जे सुरू झालं ते बराच वेळ थांबेना. रुग्णालयातून बाळ्याला आणल्यापासून माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, लोक नावं ठेवत होते. म्हातारीने समजूत वगैरे काही घातली नाही. डबी बंद केली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठली आणि म्हणाली, “आता पाणी पी. इतकं गेलंय त्ये भरून काढ.”

प्यायले. तिच्या बाटलीतलं कोमट, प्लॅस्टिकचा वास येणारं.

तिची दिंडी कितव्या नंबरची, विचारायचं राहिलं.

बरडला त्या संध्याकाळी समाजआरतीला लंगडत गेले. चोपदारांनी चोप उंचावला आणि एवढा मोठा तळ एका क्षणात शांत झाला. एक दिंडी मात्र टाळ वाजवतच राहिली. तक्रार असली की तसंच करतात. चोपदार जाऊन विचारेपर्यंत टाळ थांबवायचे नाहीत. पाण्याच्या टँकरवरून काहीतरी होतं. ऐकून घेतलं, टाळ थांबले, हरवलं-सापडलं पुकारलं गेलं, आरती झाली. माझीही तक्रार होती. टाळ नव्हते.

नंतरचे मुक्काम एकमेकांत मिसळले आहेत. कुठल्या राहुटीत पाणी शिरलं, कुठल्या गावी पुरणपोळी, आठवत नाही. सदाशिवनगरच्या गोल रिंगणात अश्वाच्या टापांखालची माती लोकांनी उचलली, मीही उचलली आणि नंतर तिचं काय करायचं कळेना म्हणून कपाळाला लावली. वेळापूरला धावलो, टाच दोऱ्यासकट. बायकांबरोबर फुगडी घातली. बाळ्या असता तर त्याने व्हिडिओ काढून वर्षभर छळलं असतं.

पंढरपुरात पददर्शनाची रांग बघूनच कळसाला हात जोडले. तेवढ्यात मावसभावाचा फोन. मी चंद्रभागेच्या वाळवंटात, आजूबाजूला टाळमृदंगाचा कल्लोळ, एक कान बोटाने बंद केलेला.

“ताई, सरसकट अडीचशे धरतोय.”

“मोबाइल जास्त दाखवतोय!”

“त्यात नाचलेले आहेत.”

“मग नाचलेलेही धर!”

“काय?”

“नाचलेले!”

शेजारचा टाळकरी वळून बघायला लागला. तिकडे भाऊ थोडा वेळ काही बोलला नाही, बहुतेक कॅल्क्युलेटर काढत असावा. मग म्हणाला, “बरं, धरतो. पण फोटो पाठव.”